धाकटीच्या कार्डावरची एक रेघ

माझ्या धाकट्या बहिणीच्या रक्तात आजार निघावा असं एका सकाळी मला वाटलं होतं. साधारण वीस मिनिटं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सात रस्त्याजवळच्या एका खासगी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे. वीसेक वर्षं झाली. रोज सकाळी साडेसातला जाते, बाकांवर उपाशीपोटी बसलेल्या माणसांची रक्तं काढते, ट्यूबांवर नावं लिहिते. ज्यांची शीर सापडत नाही त्यांना माझ्याकडेच पाठवतात. त्या दिवशी पहिलं रक्त मी स्वतःचंच काढलं, दंडाला बांधायच्या पट्ट्याचं एक टोक दातात धरून. दुसरं धाकटीचं.

हिपॅटायटिस बीची झटपट तपासणी करायला एक पांढरं प्लास्टिकचं कार्ड मिळतं. बोटाएवढं असतं. त्यावर थेंब टाकायचे आणि वाट बघायची. एक रेघ उमटली तर आजार नाही. दोन उमटल्या तर आहे. माझ्या कार्डावर दुसरी रेघ पाच मिनिटांतच आली, गडद, कुणी पेनाने ओढल्यासारखी. धाकटी समोरच्या बाकावर हात दुमडून, कापूस दाबून बसली होती.

"अक्का, माझं झालं का गं?"

"थांब जरा."

मी तिचं कार्ड खिडकीपाशी नेलं. तिरपं करून बघितलं. कधीकधी रेघ फिकट येते, चटकन दिसत नाही. "ये की," मी मनात म्हणत होते, "ये की गं." वेळ संपून गेली तरी मी ते कार्ड हातात धरून उभी होते. रेघ आली नाही.

"तुला काही नाही," मी म्हणाले.

"आणि तुला?"

"मला आहे."

ती उठून माझ्याकडे आली, मला जवळ घ्यायला. हातमोजे काढायचं निमित्त करून मी बेसिनकडे वळले.

हे सगळं अव्वापासून निघालं होतं. अव्वा म्हणजे आमची आई. अक्कलकोटच्या पलीकडच्या, अगदी हद्दीवरच्या गावची. माहेरी सगळं कन्नड. सासर सोलापुरात. वडील लवकर गेले. धाकटीचं लग्न झालं, माझं राहिलं. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. स्थळं आली, जमली नाहीत, मग यायची थांबली. अव्वा आणि मी अशा दोघीच घरात राहायचो. धाकटी पंधरा दिवसांतून एकदा यायची, तासभर बसायची, अव्वाच्या डोक्याला तेल लावायची आणि जायची. ती गेली की अव्वा दोन दिवस तिच्याबद्दलच बोलायची.

त्या वर्षी अव्वाचं जेवण कमी झालं. "हितं बरगडीखाली कुणी पाटा ठेवल्यावानी जड वाटतंय," म्हणायची. जवळच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. तिची पोलकी सैल व्हायला लागली तसतशी मी ती आत घेऊन देत होते. एकदा घेतली, दोनदा घेतली. तिसऱ्यांदा शिलाई उसवत बसले असताना धाकटी आली आणि दारातूनच ओरडली, "अगं अक्का, अव्वा केवढी वाळलीय! तुला दिसत नाही?"

मला दिसत नव्हतं. रोज शेकडो लोकांचं रक्त बघणारी मी, आणि घरातल्या माणसाचं एक थेंब रक्त काढलं नव्हतं. पंधरा दिवसांनी येणारीच्या ते एका नजरेत लक्षात आलं. अव्वा पुढे सगळ्यांना सांगायची, "धाकटीनं वळकलं म्हणून कळलं." खरंच होतं ते. तरी प्रत्येक वेळी ऐकताना मला काहीतरी खुपायचं.

सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ दिसली. मग सीटी स्कॅन झाला. पोटविकाराचे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी आम्हां दोघींना पडद्यावर दाखवलं. "शिरेतून औषध सोडल्यावर ही गाठ आधी चकाकते, बघा. आणि थोड्या वेळाने बाकी लिव्हरपेक्षा काळी पडते. हिची वागणूकच सांगते ती काय आहे. सुई घालून तुकडा काढायचीसुद्धा गरज नाही." लिव्हरचा कॅन्सर. रक्तातली त्याची खूण सांगणारी तपासणी आमच्याच लॅबमध्ये आली होती. आकडा मशीनवर मीच आधी बघितला होता, आणि नमुना पुन्हा एकदा लावला होता, आकडा चुकला असेल म्हणून.

शेजारणीने विचारलं, "लिव्हरचा? पण त्या तर काही घेत नव्हत्या." लिव्हर म्हणजे दारू, एवढंच लोकांना माहीत. अव्वाने आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा हुंगून घेतलं, दारूचा वास येतो म्हणून.

कारण रक्तात सापडलं. हिपॅटायटिस बीचा विषाणू. तो तिच्या अंगात बहुतेक लहानपणापासून होता, पन्नास-साठ वर्षं काही न बोलता बसलेला. डॉक्टर म्हणाले, "मुलांची तपासणी करून घ्या." म्हणून ती दोन कार्डं.

नोकरीला लागताना मी या आजाराच्या लशीची तीन इंजेक्शनं घेतली होती. आधी तपासून बघावं असं तेव्हा कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. घर आतून पेटलेलं असताना बाहेरून कुलूप लावावं, तसं झालं ते.

आम्ही दोघी परत डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "तिला का नाही?"

डॉक्टरांना वाटलं, मी आनंदाने विचारतेय. त्यांनी नीट समजावलं. बाळंतपणात आईकडून बाळाला हा विषाणू जातो. पण सगळ्या बाळांना सारखा नाही. आई कोवळी असते तेव्हा विषाणू जोरात असतो. पुढे काही वर्षांनी शरीर त्याला दाबून टाकतं, रक्तात तो कमी होतो. "तुमच्या वेळी जोरात असणार. यांच्या वेळी दबला असणार."

"म्हणजे मी आधी जन्मले म्हणून?"

"बहुतेक."

धाकटी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. सहा वर्षांत अव्वा घरात रुळली होती, अंगाने भरली होती, हसायला लागली होती. धाकटीच्या वाट्याला ती अव्वा आली. माझ्या वाट्याला आली ती सतरा-अठरा वर्षांची, घाबरलेली, मराठीचा शब्द न कळणारी पोरगी. हे मला लहानपणापासून माहीत होतं. रक्तसुद्धा तसंच वाटून आलं असेल, हे माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी आमची एका मुलीशी गाठ घालून दिली. ती पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करत होती. आईला असा कॅन्सर झालेल्या घरांतली भावंडं तिला हवी होती. एकाला विषाणू आहे, दुसऱ्याला नाही, अशी जोडी मिळाली की तिचे डोळे चमकायचे. "एकच आई, एकच घर, एकच पाणी, एकच जेवण," ती म्हणाली, "आणि एकीला आहे, एकीला नाही. ताई, अशी जोडी सहज मिळत नाही." दर सहा महिन्यांनी ती सोलापूरला यायची, आम्हां दोघींचं रक्त बर्फाच्या पेटीत घालून दुपारच्या गाडीने परत जायची. तिच्या फॉर्मवर माझ्या नावापुढे 'केस' असं लिहिलेलं होतं आणि धाकटीच्या नावापुढे 'कंट्रोल'. कंट्रोल म्हणजे ज्याला आजार नाही तो, ज्याच्याशी दुसऱ्याची तुलना करायची. तो फॉर्म वाचून मला हसू आलं. आमच्या घरात हे आधीपासूनच चालू होतं.

ती मुलगी खाण्यापिण्याचंही विचारायची. त्यातून शेंगदाण्यांचा विषय निघाला. धाकटीचा घरगुती उद्योग आहे, शेंगा चटणीचा. पाच-सहा बायका हाताशी, दाणे भाजायचे, लसूण-तिखट घालून कांडायचे, पाकिटं भरायची. मुलीने अव्वाला विचारलं, "आजी, तुमच्या घरी दाण्यांना बुरशी आली तर काय करायचात?"

"काय करायचं? काळं-बेरं हुतं ते मी खायाची की," अव्वा म्हणाली. "पोरींना चांगलं द्यायचं. फेकून कसं चालंल?"

मुलीने ते लिहून घेतलं. मग तिने सांगितलं की त्या बुरशीत एक विष असतं, ते लिव्हरला बाधतं, आणि आधीच विषाणू असलेल्या माणसाला तर जास्तच. तिने त्या विषाचं नाव सांगितलं, ते मला आधीपासून माहीत होतं. गेले दोन महिने मी फोनवर जे मिळेल ते वाचत होते. पण मला कुणी विचारलं नाही. धाकटीने मात्र दुसऱ्याच दिवशी आपल्या बायकांना सुपं घेऊन बसवलं. सुरकुतलेला, डाग पडलेला, रंग बदललेला एकेक दाणा बाहेर काढायचा. पुढच्या खेपेला ती मुलगी मुद्दाम तिच्याकडे बघायला गेली, फोटो काढले, आणि मला म्हणाली, "ताई, तुमची बहीण किती हुशार आहे हो!"

"हो," मी म्हणाले.

दरम्यान लिव्हर बदलण्याची गोष्ट निघाली. गाठ एकच होती, फार मोठी नव्हती, आणि अव्वाचं हृदय चांगलं होतं. डॉक्टर म्हणाले, जवळच्या नात्यातल्या निरोगी माणसाने लिव्हरचा तुकडा दिला तर करता येईल. देणाऱ्याचं लिव्हर काही महिन्यांत पुन्हा वाढतं. ऑपरेशन पुण्याला.

"मी देते," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि सावकाश मान हलवली. "तुमचं चालणार नाही."

अर्थात चालणार नव्हतं. मला कळायला हवं होतं. पण त्या क्षणी मला जे वाटलं तसं कार्डाच्या वेळीही वाटलं नव्हतं. आजार मला, अव्वाची रोजची उठबस मला, पोलकी आत घेणं मला. आणि तिचा जीव वाचवायचा मान धाकटीला. द्यायलासुद्धा काही चांगलं माझ्याजवळ उरलेलं नव्हतं.

मला विषाणू आहे आणि तो कुठून आला, हे अव्वाला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. ती खचेल म्हणून. माझा रक्तगट जुळत नाही, असं तिला सांगितलं.

धाकटीच्या तपासण्या सुरू झाल्या आणि त्यात तिच्या लिव्हरवर चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, तीन महिन्यांत चरबी कमी होते, मग बघू. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी घरी येताना गजरा घेतला. धाकटी मात्र कामाला लागली. पहाटे उठून सिद्धेश्वर तलावाच्या कडेने चालायला जायची. भात सोडला, साखर सोडली. पहिल्या महिन्यात चार किलो उतरली. 

एका रविवारी मी हुग्गी केली. गव्हाची खीर म्हणायची तिला, आमच्याकडे सणाला असते. गहू भिजवून, कांडून, गूळ, खोबरं, आणि वरून तूप. धाकटीला ती जिवापाड आवडते. मी स्टीलच्या डब्यात भरली, तूप नेहमीपेक्षा दुप्पट घातलं, आणि बसने तिच्या घरी घेऊन गेले.

तिने झाकण उघडलं आणि वास घेतला. "अक्का, आज काय विशेष?"

"काही नाही. तू वाळत चाललीस. म्हटलं, दोन घास."

तिने वाटीत थोडी घेतली. खाल्ली. मग आणखी थोडी. मी बघत बसले होते. तिसऱ्यांदा डाव डब्यात घालताना ती थांबली, डब्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "पुरे गं. अव्वासाठी वजन वाढवायचं असतं तर पोटभर खाल्लं असतं, अव्वासाठी उतरवायचं म्हणजे अवघडच." आणि हसली. तिला काही संशय आला नाही. उरलेली हुग्गी तिने चटणी करणाऱ्या बायकांना वाटली. परत येताना बसमध्ये मी रिकामा डबा मांडीवर धरून बसले होते, आणि माझ्या शेजारी बसलेली बाई मला विचारत होती, "काय हो ताई, बरं वाटत न्हाय का?"

त्यानंतर आठवड्याभराने मी अव्वाला सांगून टाकलं.

दुपारची वेळ होती. अव्वा खाटेवर बसली होती आणि मी तिच्यासाठी पपई कापत होते. ती तिच्या तंद्रीत बोलत होती. "धाकटी माजी वाघीण हाय बग. आपलं काळीज कापून द्याया निगाली. कोण देतंय असं आजकाल?"

"मीसुद्धा दिलं असतं," मी म्हणाले.

"तू कुटं द्येतीस? तुजं जुळत न्हाय की."

तिच्या मनात काही नव्हतं. पण मी सुरी खाली ठेवली. "का जुळत नाही, माहीत आहे तुला? रक्तगटाचं खोटं सांगितलं. तुझ्यात जो आजार आहे तोच माझ्यात आहे. तुझ्याकडूनच आलाय. तिला काही दिलं नाहीस, मला दिलास."

अव्वाने हातातली पपईची फोड ताटलीत ठेवली.

"पोटात हुतीस तवाच?" तिने विचारलं.

"जन्मताना."

"दुदातनं गेलं आसंल."

"नाही अव्वा. दुधातून जात नाही."

"मग तू कदीपासनं गप हाइस?"

मी पपईच्या बिया गोळा करायला लागले. मग तिने हाताने खाटेवर थापटलं आणि हळूच म्हणाली, "बा इल्ली." इकडे ये. मी जवळ बसले. तिने माझी साडी बाजूला केली आणि उजव्या बरगडीखाली तळहात ठेवून दाबून बघितलं, जिथे तिला स्वतःला जड वाटायचं तिथे.

"हितं दुकतंय का तुला?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही."

तिने पुन्हा दाबलं. आपल्या हाताला काहीतरी लागेल, गोळा लागेल, अशा भीतीने ती चाचपत होती. मग साडी नीट केली आणि म्हणाली, "धाकटीला फोन लाव."

फोनवर ती फारसं बोलली नाही. "बेडा," म्हणाली. नको. "एका पोरीला दुकणं दिलं. आता दुसरीला चिरून घिऊ व्हय? न्हाय. मला काय बी नगं."

धाकटी तासाभरात आली, घामाघूम. अव्वाकडे न बघताच माझ्यावर ओरडली, "तिला कोणी सांगितलं? तू सांगितलंस ना?"

मी तोंड उघडायच्या आत अव्वा म्हणाली, "तिच्यावर कशाला खेकसतीस? मीच वळकलं. त्या दिशी डाक्टर बोलत हुता ते मी ऐकलं. मला काय कळत न्हाय व्हय?"

अव्वा माझ्यासाठी खोटं बोलली. मला त्याची लाज वाटायला हवी होती आणि वाटलीही. पण लाजेच्या आधी मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. अव्वाचं आणि माझं असं काहीतरी होतं, जे धाकटीला माहीत नव्हतं.

धाकटीने महिनाभर विनवण्या केल्या. रडली, अबोला धरला, डॉक्टरांना मध्ये घातलं. अव्वा हलली नाही. मी एकदा एकटीच डॉक्टरांना जाऊन विचारलं की ऑपरेशन झालं असतं तर ती जगली असती का. ते म्हणाले, "सांगता येत नाही. तुमच्या बहिणीची चरबी उतरायला वेळ होता. तोवर गाठ थांबली असती की नाही, कुणास ठाऊक." मला त्यांनी "नाही" म्हणायला हवं होतं. त्यांनी म्हटलं नाही. ते अजून माझ्याजवळ तसंच आहे.

मग दुसरा उपाय केला. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी लिव्हरपर्यंत नेतात आणि गाठीला रक्त पोचवणारी वाट औषधाने बंद करतात. दोन वेळा केलं. पहिल्यानंतर अव्वाला आठ-नऊ महिने चांगले गेले. जेवायला लागली. आणि त्या चांगल्या महिन्यांत ती दिवसभर धाकटीकडे जाऊन बसायची. मी सकाळी कामावर निघाले की रिक्षाने तिला तिथे सोडायचे. बायकांमध्ये सूप घेऊन बसायची, दाणे निवडायची, त्यांना दटावायची. "ह्यो बग, ह्यो डागाळलेला कसा गेला तुज्या हातातनं?" संध्याकाळी आणायला गेले की तिच्या बोटांना टरफलांचा वास यायचा आणि रस्ताभर ती कोण काय बोललं ते सांगायची. घरी माझ्याशी बोलायला तिच्याजवळ इतकं कधीच नव्हतं. 

दुसऱ्या खेपेनंतर गाठ मोठ्या शिरेत शिरली. गोळ्या सुरू झाल्या, त्या तिला सोसल्या नाहीत. पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले. शेवटचे पंधरा दिवस तिला धाकटीच्या घरी ठेवलं, तिथे दिवसा माणसं होती म्हणून. सकाळी साडेदहाच्या सुमाराला ती गेली. मी तेव्हा लॅबमध्ये करमाळ्याहून आलेल्या एका म्हातारबांची शीर शोधत होते. फोन वाजत होता. शीर सापडल्यावर, रक्त काढून झाल्यावर मी तो घेतला.

शेवटचं पाणी धाकटीच्या हातचं. ज्यांनी ज्यांनी मला सांत्वनाला म्हणून सांगितलं, "धाकटी जवळ होती, बरं झालं," त्या सगळ्यांचा मला राग आला.

दोन महिन्यांनी तपासणीची तारीख आली. पुण्याची ती मुलगी बर्फाची पेटी घेऊन आली, आमचं रक्त घेऊन गेली. सोनोग्राफीच्या आधी आम्ही दोघी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. मग धाकटीने विचारलं, "अक्का, एक विचारू? 'आकी ऊटा माड्याळेनु' म्हणजे काय गं?"

तिला कन्नड फारसं येत नाही. तिच्या जन्मापर्यंत अव्वा घरात मराठी बोलायला लागली होती.

"कोण म्हणालं?"

"अव्वा. शेवटी शेवटी तिची मराठी गेली होती. दिवसभर कन्नडच. मी समोर बसलेली, पाय चेपतेय, आणि मला काही कळत नाही. ती माझ्याकडे बघायची पण बोलायची तुझ्याशीच, असं वाटायचं. मला एवढा राग यायचा ना तुझा." तिने पदराने नाक पुसलं. "त्या सकाळी हे चार वेळा म्हणाली. मी पाठ करून ठेवलं."

"ती जेवली का, असा अर्थ होतो."

"ती म्हणजे कोण?"

मी म्हणू शकले असते की कोण जाणे. म्हणू शकले असते, तूच. आजारी माणसाचं काय खरं! पण धाकटी तर तिच्या समोरच बसली होती. समोर बसलेल्या माणसाला कुणी 'ती' म्हणत नाही.

"मी," मी म्हणाले. खरं तेच होतं, आणि मला ते म्हणायचंही होतं.

धाकटीने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. लॅबमधल्या बेसिनवरच्या आरशात मी ते बघितलेलं आहे. मग आतून नर्सने माझं नाव पुकारलं आणि मी उठले. परत आले तेव्हा धाकटी पर्समधून पोळीभाजीचा डबा काढून बसली होती. "घे," ती म्हणाली, "उपाशी आलीयस ना?" तिच्या आवाजात राग होता. आम्ही एकाच डब्यातून जेवलो.

आता मी रोज एक गोळी घेते, विषाणू दाबून ठेवायची. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्त. आजवर काही निघालं नाही. धाकटीही माझ्याबरोबर येते. त्या मुलीच्या कामाचं अजून काही छापून आलेलं नाही. ती म्हणते, ताई, अशा कामाला वर्षं लागतात. धाकटीला ती अजूनही माझ्याआधी फोन करते, हे मी मोजते. मोजू नये असं ठरवून झालेलं आहे.

मध्यंतरी मोडनिंबची एक पोरगी आमच्याकडे तपासायला आली होती, आठव्या महिन्यातली, पहिलटकरीण. तिच्या रक्तात तोच विषाणू निघाला. पूर्वी मी रिपोर्ट लिहून मोकळी झाले असते. या वेळी तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना स्वतः फोन करून सांगितलं, आणि तिला खुर्चीवर बसवून समजावलं. आता अशा आयांना आधीच गोळ्या देता येतात. बाळ जन्मल्यावर काही तासांत त्याला लस आणि सोबत आणखी एक इंजेक्शन दिलं की बहुतेक बाळं वाचतात. महिन्याभराने तिचा फोन आला. "म्याडम, झालं बगा काल. दोन्ही सुया दिल्या बाळाला लगीच."

"मुलगा की मुलगी?" मी विचारलं.

"मुलगी."

कालच जन्मलेल्या, न बघितलेल्या त्या मुलीचा मला हेवा वाटला. मग मी तिच्या आईला पुढच्या डोसची तारीख सांगितली, आणि ती लिहून घेत नाहीये असं वाटलं म्हणून पुन्हा सांगितली.